पट्ट्याच्या आत बाळ नको म्हणे!

बायांनो, आज मी विमानात बसल्ये! लेकीकडनं बंगळूरहून आल्ये, लेक शेजारी न् तिचा सात महिन्यांचा पोर, माझा नातू, मांडीवर. गोरा हाय, आजोबांवर गेलाय, असो.

खुर्ची एवढी अरुंद, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले. मी आपलं वाडीत बांधते तसं बाळाला पदराने पोटाशी बांधलं, वरनं खुर्चीचा पट्टा आवळला.

विमानातली पोरगी धावत आली. "आजी, पट्ट्याच्या आत बाळ नको! झटका बसला तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर येईल."

तिने पदर सोडवला, माझा पट्टा खाली कमरेशी नेला न् त्यात ओवून बाळाला वेगळा छोटा पट्टा लावला.

मला रागच आला. दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी मी, ना उठता येई ना वळता. लेक म्हणे, "आये, गप बस गो!"

मुंबईला उतरताना विमानाने असा ब्रेक मारला की मी पुढे फेकली गेल्ये. कंबर काचली. बाळ मात्र खुदकन हसलं!

आत्ता दिवेआगरला घरी येऊन आंघोळ केली, तर कमरेला पट्ट्याचा लाल वळ. त्या पट्ट्यात मी बाळाला आवळलं होतं गो! तेव्हापासनं बाळाचे पापे घेऊन घेऊन तोंड दुखलं.

तुम्ही कुणी असं बांधलं होतं का, खरं सांगा?