लताच्या पदराखाली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्याला सांगायचं राहून गेलं असंही नाही — सांगायचंच नव्हतं. पोरीला तर नाहीच नाही. तुम्ही समोर बसलायत असं धरून लिहिते, म्हणजे हात थांबणार नाही.

परळच्या दवाखान्यात मी गोळ्या आणायला जाते. एचआयव्हीच्या. इतकी वर्षं झाली, आता तो शब्द लिहायला काही वाटत नाही. तिथं बाकावर हल्ली तरण्या पोरी असतात, माझ्याच आजाराच्या, मांडीवर बाळं घेऊन. पदर — पदर कुठला, ओढणी — ओढून खुशाल पाजतात. सिस्टरच त्यांना बजावते, गोळी चुकवू नकोस आणि सहा महिने अंगावरच पाज, वरचं पाणीसुद्धा नको. मी बघत बसते. माझं नाव पुकारलेलं ऐकू येत नाही. हेवा म्हणू का ह्याला? ह्या वयात?

माझ्या वेळी असं नव्हतं. गरोदरपणात रक्त तपासलं तेव्हा कळलं. नवऱ्याकडून आलं होतं, माझगावला गोदीत होता तो — जाऊ दे, त्याच्यावर लिहायला बसलेली नाही मी. बाळंतपणात एक गोळी दिली आणि दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं, तुझ्या दुधातून पोरीला लागू शकतं. तेव्हा एक तर फक्त अंगावर पाज, नाहीतर फक्त पावडरचं, दोन्ही एकत्र नको. मी पावडरचा डबा घेतला. पण घोडपदेवच्या चाळीत बाळंतीण डब्याचं पाजते म्हणजे कारण काय सांगायचं? म्हटलं, दूधच आलं नाही.

आणि दूध किती आलं होतं म्हणून सांगू. जुन्या साडीची पट्टी आवळून बांधायची, आत मोगऱ्याच्या कळ्या ठेवायच्या, आटावं म्हणून. इकडे चाळीतल्या बायका कळवळून अळिवाचे लाडू आणायच्या, शतावरी घातलेलं दूध आणायच्या, समोर बसून खायला लावायच्या. मी खायची. ते आणखीच यायचं. आता हसू येतं — तेव्हा मोरीत जाऊन, नळ सोडून, पिळून टाकायची.

शेजारच्या खोलीत लता. माझ्याहून बरीच लहान, सारखी वैनी वैनी करणारी. तिचा मुलगा माझ्या पोरीहून थोडासाच मोठा. एका दुपारी माझी पोर बाटली तोंडात धरेना, रडून रडून लाल झाली. लता आली, पोर उचलली, भिंतीला टेकून बसली आणि घेतली पदराखाली. मला विचारलंही नाही. कशाला विचारेल? अशा गोष्टी आमच्याकडे विचारून करत नाहीत. पोर गप्प.

"बघा वैनी, कशी पिते. तुमच्या त्या डब्यात काय घालतात, चुना?"

मी हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. पोरीला आजार लागलाय की नाही, हे ती दीड वर्षाची होईपर्यंत कळणार नव्हतं, आणि तिला असला तर... पण मी हसले.

मग ते रोजचंच झालं. लताची मालवणी सासू दारातून ऐकवायची, "आपलो झील रडता, आणि ही लोकांच्या चेडवाक पाजता." घरचा मुलगा रडत ठेवून परक्या मुलीला पाजते, हा तिचा राग. लता तशीच यायची. मी तिच्याजवळ बसायची, गुडघ्याला गुडघा लावून. पोर चुटूचुटू ओढायला लागली की इकडे माझी पट्टी भिजायची. मी डोळे मिटून घ्यायची. काय मनात धरून बसायची, ते कळलं ना तुम्हाला?

इथवर सगळं भीतीपोटी केलं असं म्हणता येईल. पण एक दुपार आहे. तीच लिहायची होती, म्हणून एवढं लांबण लावलं.

त्या दिवशी लता आली ती ओठ चावतच. छातीला दोन्हीकडे भेगा पडलेल्या, तूप लावलेलं, त्यातूनही रक्त दिसत होतं. "तुमच्या लेकीने कुठेतरी दात लपवलेत, वैनी," म्हणाली. भेगांचं मला दवाखान्यात सांगितलं होतं — तिथून लागायची भीती जास्त. माझ्या भेगेतून पोरीला, तर पोरीच्या तोंडातून लताला का नाही? आणि लताकडून तिच्या मुलाला? मी फार शिकलेली नाही, पण ते रक्त बघताक्षणी एवढं मला लख्ख कळलं.

"आजच्या दिवस बाटली देता का?" तिनेच विचारलं. म्हणजे बघा — तिनेच वाट मोकळी करून दिली होती.

मी म्हटलं, "थोडंसंच पाज ना गं. भुकेजलीय बघ."

पोर भुकेली नव्हती. थोड्या वेळापूर्वी मीच तिला बाटली पाजली होती.

लताने दात आवळून पाजलं. मी गुडघा लावून बसले.

पुढे पोरीचं रक्त तपासलं, चांगलं निघालं. म्हणजे लतालाही माझ्यापायी काही झालं नाही. मी तिला पेढे नेऊन दिले, आणि कशाचे ते खोटं सांगितलं. हल्ली ती विरारला असते. पोरीने बरेच दिवस फोन केला नाही की मला झापते, "माझ्या दुधाची आहे ती, विसरली का?" मी म्हणते, नाही गं, कशी विसरेल.

पण रिपोर्ट चांगला येणार हे त्या दुपारी मला कुठे ठाऊक होतं? काहीच ठाऊक नव्हतं. आणि तरी — लता पदर सावरून, कळ सोसत उठली, तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की उद्या येईल ना ही?