खारव्याच्या घरात उलटीची गोळी

दर्यावर मासेमारी करणाऱ्या खारव्याला बोट लागणं म्हणजे गुरवाला घंटेचा आवाज न सोसण्यासारखं आहे. मला लागते. लहानपणी बाबांबरोबर एकदाच होडीवर गेलो, ओकलो, आणि घरी येऊन सांगितलं की पुन्हा जाणार नाही. बाबा म्हणाले, मग शीक. मी शिकलो आणि लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात लागलो. होडी धाकट्या भावाकडे गेली.

कारखान्यात मात्र मी मोठा दर्यावर्दी. कंपनीच्या बसमधल्या दोन मित्रांना पक्ष्यांचा नाद आहे. पार दक्षिणेकडच्या बर्फाळ बेटांवर अंडी घालणाऱ्या वादळी पाकोळ्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे खोल पाण्यावर दिसतात, असं ते सांगत होते. "समुद्र म्हणजे आमचं अंगण, मी दाखवतो," असं मी बोलून गेलो. जिभेला हाड नाही, दुसरं काय.

नारळी पौर्णिमा झाली आणि भावाने आम्हाला नेलं. उलटीची गोळी मी लोट्यालाच घेतली होती, गावच्या दुकानात कुणी बघेल म्हणून. पण भावासमोर ती खिशातून काढायची लाज वाटली. त्यात, रिकाम्या पोटी समुद्रात जाऊ नये म्हणून आईने पेज आणि तळलेले बांगडे खायला घातले होते.

किनारा दिसेनासा झाला तसा मी होडीच्या काठावर पालथा पडलो. मित्रांपैकी एक सोलापूरचा, नोकरीला लागेपर्यंत समुद्र न पाहिलेला, तो शेजारी उभा राहून चिवडा खात होता. भावाने एका हाताने सुकाणू धरलं आणि दुसऱ्याने माझी कॉलर. बांगड्यांचा तेलकट तवंग पाण्यावर पसरला आणि त्या वासावर पाकोळ्या आल्या. लहानशा, काळ्या, शेपटीपाशी पांढऱ्या, पाण्यावर पाय टेकत नाचणाऱ्या. हे मी नंतर फोटोत पाहिलं. मित्र हरखून गेले होते आणि मी शरमेने मान वर केली नाही. पक्षी हातभर अंतरावर असताना मी होडीची फळी बघत होतो.

परतताना मित्र पुढे बसले. मी सुकाणूपाशी भावाला म्हणालो, "तुझी लाज काढली मी."

"लाज कसली? हंगामाच्या सुरवातीला मी पन वकतो."

"तू? कधी बोलला नाहीस."

"तू आदी बोललास, दादा. तुला शाळेत धाडला. मग मी कसा बोलनार? होडीवर कोनतरी पायजेच व्हता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. भरतीची वेळ सांगावी तसं सांगून तो पुन्हा समोर बघायला लागला. ओकल्याची लाज बंदरावर उतरेपर्यंत गेली होती. त्याच्या नजरेला नजर द्यायची लाज मात्र अजून वाटते.