हळू फिरणारा ग्राइंडर

घाईशी हाडवैर असलेला माणूस पाहायचा असेल, तर पुसदला आमच्या भाऊजींकडे जावं. जाताना जेवून जावं, कारण ‘बस, चहा ठेवतो’ हे वाक्य आणि प्रत्यक्ष चहा यांच्यामध्ये पुन्हा भूक लागायला पुरेसा वेळ असतो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. फळ्यावर आंबा काढायला घेतला की तास संपेस्तोवर देठ व्हायचा आणि उरलेला आंबा पुढच्या आठवड्यावर जायचा. एकदा महागावच्या लग्नाला ताईला स्कूटरवर मागे बसवून निघाले, ते पोचले तेव्हा पंगती उठून वऱ्हाडी हात धुवत होते. ताई रागानं लाल झालेली, आणि हे नवरदेवाच्या बापाला समजावून सांगताहेत की वाटेत पळस काय फुललाय, तुमच्या गाड्या जोरात आल्या, तुम्हाला दिसलाच नसेल.

त्यातही दळण हा त्यांचा खास विषय. गिरणीवाल्यानं गहू जरा जोरात काढला की हे गरम पिठात हात घालून उभे राहायचे आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचे, “पीठ कायचं, तापानं फणफणलेलं लेकरू होय हे.” त्यांचं साधं म्हणणं असं, की जोरात दळलं तर जिन्नस तापतो आणि तापला की त्याचा वास उडून जातो. घरी चटणी वाटताना मिक्सर पुन्हा पुन्हा बंद करून त्याचं भांडं गालाला लावून बघत. तुमची चटणी होईस्तोवर भुईमुगाचं दुसरं पीक निघेल, असं ताई म्हणायची. पण चटणीला वास मात्र असा सुटायचा, की शेजारची माणसं वाटी घेऊनच यायची. तेव्हा आम्ही सगळे त्यांना हसायचो आणि तीच चटणी डब्यात भरून घरी न्यायचो.

मग ताईला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या नाकातली वासाची जाणच घेऊन गेला. दूध उतू जाऊन करपलं तरी तिला कळेना. फोडणी जळायची, वरण मातीसारखं लागायचं. जिच्या कढीचा वास फाटकापाशी यायचा, ती ताई हळूहळू ओट्यापासून दूर झाली. मला एकदा म्हणाली, “घरात असूनई घरात नसल्यावानी वाटते मले.”

डॉक्टर म्हणाले, उग्र वासाच्या वस्तू सकाळ-संध्याकाळ हुंगवत राहा, वास परत येईल किंवा नाही येणार. भाऊजींनी लवंग, कापूर, लिंबू सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. त्यांच्या मुलीनं बंगळुरूहून दळलेल्या कॉफीतून दाबानं गरम पाणी काढणारं एक छोटं एस्प्रेसोचं यंत्र आणून ठेवलं होतं, त्यासोबत कॉफीच्या बियांची पिशवी होती. ती फोडली त्या दिवशी ताई सहज बोलून गेली, “काहीतरी आलं वाटते.” झालं. चहावर वाढलेल्या त्या घरात कॉफी शिरली ती त्या एका वाक्यावर.

आता बिया दळायला ग्राइंडर हवा होता. मिक्सरचं पातं तर भाऊजींचा जुना शत्रू. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडणारा ग्राइंडर हवा, आणि त्याची मोटर हळू फिरणारी हवी, हे त्यांनी कुठून कुठून शोधून काढलं. यवतमाळच्या दुकानदारानं उत्साहानं सांगितलं, काका, हा सगळ्यात फास्ट आहे. भाऊजी नमस्कार करून पायऱ्या उतरले. विकणाऱ्यांना फोन करून ते एकच प्रश्न विचारायचे, मिनिटाला फेरे किती? रंग, हमी, किंमत यांतलं काही नाही. स्टँडजवळचे मिक्सर दुरुस्त करणारे चाचा एकदा वैतागून म्हणाले, “मास्तर, मशीन पाहून राह्यले का पोरीसाठी जावई?” शेवटी एक घेतला. मग दळण जाड झालं की यंत्रातून पाणी सर्रकन निघून जाई, फार बारीक झालं की थेंबही पडेना. शेजाऱ्यांना बोटभर कपात कॉफी दिली, तर ते बाकीची कुठे आहे म्हणून आत पाहू लागले. पण भाऊजींचं लक्ष कॉफीकडे नव्हतंच. ताजी भुकटी वाटीत घेऊन ते ताईपुढे बसायचे. ती डोळे मिटून वास घ्यायची आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

मागच्या महिन्यात भाऊजींचा फोन आला. ताईला वास येऊ लागला होता. मी मिळेल त्या बसनं पुसदला गेलो. भाऊजी बाहेर गेलेले पाहून ताईला म्हटलं, अगं, किती छान झालं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “काई येत नाई रे. एवढा जीव लावून दळतात, नाई म्हणवत नाई मले.” मीही भाजी निवडायला घेतली.

संध्याकाळी भाऊजी मला स्टँडवर पोचवायला आले. बस लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ते हळूच म्हणाले, याच्याहून हळू फिरणारा ग्राइंडर तुझ्या पाहण्यात आहे का? मी म्हटलं, भाऊजी, आता कशाला? ताईला तर वास येतोय ना?

त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली.

“परवा चुकून धुतलेली वाटी घेऊन गेलतो,” ते म्हणाले. “भुकटी ओट्यावरच राह्यली. तिनं डोळे मिटून रिकाम्या वाटीचा वास घेतला अन् म्हणे, आला.”

कंडक्टरनं घंटी वाजवली.

“तिले सांगू नको,” ते म्हणाले. “अन् कुठं हळू फिरणारा दिसला तर पाहजो.”

बस हलली. मी खिडकीतून मागे पाहिलं. दिवेलागण होत आली होती, ताईला वास द्यायची वेळ झाली होती. आणि लग्नाच्या पंगती चुकल्या तरी कधी घाईनं पाऊल न उचलणारे आमचे भाऊजी गर्दीतून वाट काढत भराभर घराकडे निघाले होते.