अ तुकडीतली जागा

चौथीत गुरुजींनी मला निवडलं आणि माझ्या ताईला वाऱ्यावर सोडलं. एवढं साधं वाक्य उघड बोलायला मला कित्येक वर्षं लागली.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. शाळा एका खोलीची, वर्ग चार, गुरुजी एकच. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पण धाकट्या भावंडांना सांभाळण्यात तिची वर्षं गेली, म्हणून आम्ही दोघी एकाच वर्गात. दिवाळीनंतर गुरुजींच्या डोक्यात स्कॉलरशिपचं खूळ शिरलं. तालुक्यात शाळेचं नाव व्हायला हवं होतं. त्याला एक पोर पुरे होतं, आणि ते पोर मी.

झालं. गुरुजी मला खुर्चीशेजारी बसवून सकाळपासून गणितं घालायचे. बाकीच्यांनी पाढे ओरडत बसायचं. ताई अंगानं थोराड, म्हणून शाळेचं पाणी तिच्याकडे. विहीर पार खाली, ओढ्याकाठी. दोन खेपांत अर्धी सकाळ संपायची. शनिवारी जमीन सारवायची तीही तिनंच. एकदा तिनं भागाकार विचारला, तर गुरुजी म्हणाले, "तुला काय करायचाय भागाकार? कळशी भर." वर्ग हसला. मीही हसले.

घरी ती पाटी घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, "आता नको गो, माझा अभ्यास हाय." हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

परीक्षा महाडला झाली. मला स्कॉलरशिप मिळाली, गावानं पेढे वाटले, गुरुजींना हवी ती बदली मिळाली. ताई चौथीच्या वार्षिक परीक्षेत नापास झाली आणि तिची शाळा सुटली. त्याबद्दल गुरुजींना कुणी अवाक्षर विचारलं नाही. हुशार पोर चमकलं की श्रेय मास्तरांचं, ढ पोर बुडालं की दोष पोराचा. हा कुठला न्याय? मी काय, कशीही शिकले असते. गुरुजींची गरज ताईला होती.

एवढं कळून मी काय दिवे लावले? महाडच्या एका हायस्कुलात शिक्षिका झाले आणि पाचवीची अ तुकडी घेतली. तिथं निवडक मुलं. क तुकडीवर ज्याचा तास रिकामा तो जायचा. मी बैठकीत भांडले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पहिल्या आलेल्याचा फोटो पेपरात येतो. काठावर पास झालेल्याचा कधी पाहिलात?" मी चरफडले आणि निमूट निवडीची यादी लिहून दिली.

त्याच वर्षी जूनमध्ये ताई लेकीला घेऊन आली. लेकीला क तुकडी मिळाली होती.

"तुज्या वर्गात घे ना गो तिला."

"ताई, यादी मार्कांवर लागते. मी काय करू?"

"मार्क कमी हायेत, ठावं हाय मला." तिनं आवाज खाली आणला. "पण पानी भरल ती. झाडलोट करल. नुसती कोपऱ्यात बसव."

मला वाटलं, टोमणा मारतेय. तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. आपल्यासारखीला वर्गात बसायचं तर पाणी भरावं लागतं, एवढंच तिला शाळेनं शिकवलं होतं.