भिंगाला लावलेली हळद

इरावती राहते ब्राह्मणपाऱ्यात, काम करते शंकर नगरातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आणि माणसांपेक्षा बशीतल्या पेशींची तब्येत जास्त विचारते. "जेवलीस का गं?" हे ती पेशीला विचारते. शेजारच्या टेबलावरून मी हे रोज ऐकतो. मला एकदाही विचारलेलं नाही.

तिचं काम असं: पेशीच्या केंद्रकात चमकणारं एक प्रथिन तयार होईल अशी सोय करायची, त्यावर निळा प्रकाश टाकायचा, म्हणजे केंद्रक हिरवं दिसतं आणि जिवंत पेशी आत काय करते ते कळतं. पण प्रकाश जास्त झाला की चमक विझते, आणखी झाला की पेशीच मरते. इरावतीच्या बहुतेक मरायच्या. दसऱ्यानंतरच्या शनिवारपर्यंत एक तरी जिवंत, चमकती पेशी दाखवली नाही, तर प्राचार्य सूक्ष्मदर्शक दुसऱ्या विभागाला देणार होते. मग तिचं सगळं काम पाण्यात. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दसऱ्याला आमचे विभागप्रमुख शिशिर सर यांनी यंत्रांची पूजा केली. सर भाविक, आणि अर्धवट काही करत नाहीत. फ्रिजलासुद्धा हार घातला.

शनिवारी सकाळी इरावतीने बशी ठेवली, निळा दिवा लावला आणि किंचाळली. पडद्यावर सगळं हिरवंगार! सर धावत आले.

"वा पोट्टी, नाव काढलं! थांब, पेढे मागवतो."

"सर, नुसतं केंद्रक चमकाले पाहिजे. इथं तर सगळंच चमकून राहिलं."

"मग चांगलंच आहे ना! रडून काहून राहिली?"

तिने पेशी नसलेली, नुसत्या पाण्याची बशी ठेवली. तीही हिरवी. बशीच काढून टाकली. तरी हिरवं! मग तिने वाकून भिंग पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, हळद कुठं कुठं लावली तुम्ही?"

"भिंगाले तर आधी लावली. डोळा आहे तो त्याचा! डोळा सोडून का पायाले लावू?"

निळ्या प्रकाशात हळद हिरवी चमकते, हे सर दरवर्षी वर्गात शिकवतात. तेही आवाज चढवून. मला इतका राग आला की मी हसत सुटलो.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः भिंग पुसलं, पुन्हा पुसलं, देवाची माफी मागितली, मग इरावतीची. पेशींची बशी परत ठेवली. पडद्यावर काळोख. इरावतीने माझं मनगट गच्च धरलं.

मग एक मंद ठिपका दिसला. तो लांबट झाला, मधे बारीक झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन झाले. मेलेल्या पेशीला हे जमत नाही.

"या लवकर!" सर फोनवर प्राचार्यांना ओरडले. "एकीच्या दोन झाल्या!"

इरावती ढसाढसा रडत होती, पण प्राचार्य धापा टाकत आले तोवर तिने दिवा विझवला होता.

"आत्ताच बाळंत झाली सर," ती म्हणाली. "थोडा आराम करू द्या तिले."

आणि सूक्ष्मदर्शक उचलून न्यायला निघालेले प्राचार्य चपला काढून दाराबाहेर गुपचूप बसले.