कपबश्यांच्या पेटीतलं रोपटं

चिनी मातीच्या कपबश्यांचं दुकान थाटून कपबश्यांकडे ढुंकूनही न बघणारा दुकानदार अख्ख्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या मावशीच्या पदरी पडला. नाशकात भर पेठेत काकांचं दुकान. विलायतेहून पेटी आली की दुसरा कुणी आधी फुटतूट बघेल. काका कपांभोवतीचं वाळकं गवत उपसून धोतरावर झटकीत बसायचे. त्यातून पडलेलं बी फुटक्या कपांत पेरायचं, हा त्यांचा खरा धंदा. सगळे कप शाबूत निघाले की बिचाऱ्यांचा चेहरा उतरायचा. “कुठल्या कुरणातनं आलं असेल हो हे?” असं म्हणत ते तळहातावरच्या दाण्याकडे असे बघत राहायचे, की गिऱ्हाईकही खरेदी विसरून तिथंच रेंगाळायचं. परदेशी मालावर बहिष्कार पडला तेव्हा दारात बसलेल्या स्वयंसेवकांना ते हात जोडून म्हणाले, “कप खुशाल फोडा, गवत तेवढं राहू द्या.” खादी नेसणाऱ्या मावशीनं त्यावर बरेच दिवस अबोला धरला.

शेवटच्या पेटीतलं एकच बी रुजलं. करवती कडांची पानं, असलं झाड नाशकात कुणी पाहिलेलं नव्हतं. “फूल निळं येणार,” काका म्हणायचे. कशावरून, ते विचारायची सोय नव्हती. “परक्या मुलखाचं बेणं, उद्या अंगण गिळेल,” मावशी म्हणायची. श्रावणात कळी धरली आणि काकांनी दुकान उघडणंच सोडलं. फूल उमलताना बघायचं म्हणून अंगणात पाट टाकून बसू लागले. त्यातच नव्या सुनेची मंगळागौर आली. पत्रीत एक जात कमी पडली आणि काका आंघोळीला गेलेले बघून मावशीनं, नाहीतरी तणच ते, म्हणत रोपटं मुळासकट उपटून गौरीला वाहिलं.

काका पुरणाच्या ताटावरून न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी बायकांच्या मागोमाग गोदेवर आले आणि मावशी पत्री सोडायला वाकली तेव्हा हळूच म्हणाले, “धारेत नको गं, काठाला सोड.” मावशीनं ते रोपटं काठच्या चिखलात टेकवलं.

श्रावण सरता सरता काका साध्या तापानं गेले. वर्षश्राद्धाचे पिंड सोडायला आम्ही गोदेवर गेलो, तर काठावर तीच करवती पानं, आणि वर फुलं. निळीच. कुणाची तरी नवी नवरी पत्रीसाठी ती खुडायला वाकली, तशी मावशीनं तिचा हात धरला.

“राहू दे गं बाई,” ती म्हणाली. “ते आमच्या घरचं आहे.”