लेकीनं अंगावर घेतलेला आळ

"बाई, हिला संडासवाटे रक्त जायला लागून किती दिवस झाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंधरा दिवस," मी म्हणाले.

आठ वर्षांची माझी आशू शेजारी स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट उचलला. हिमोग्लोबिन सात होतं. "पंधरा दिवसांत एवढं कमी होत नाही," ते म्हणाले, पण पुढं काही विचारलं नाही. आतड्यात पॉलिप असावा, म्हणजे आतल्या अस्तराला मोडासारखी गाठ आली असावी, असं त्यांनी सांगितलं. खात्रीसाठी कोलोनोस्कोपी करायची. कॅमेरा असलेली बारीक नळी संडासच्या जागेतून आत घालून आतडं बघायचं आणि गाठ दिसली तर तिथंच काढायची.

खरं सांगायचं तर रक्त दिवाळीपासून जात होतं आणि आता शिमगा होऊन गेला होता. पोरीच्या जातीचं असलं दुखणं कुणाला सांगायचं, या लाजेपोटी मी ते झाकलं. घरी, तिला उष्णता झाली म्हणून सांगितलं, तिला सब्जाचं पाणी पाजलं. शाळेत प्रार्थनेला ती चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं तिच्या वडिलांना कळलं. ते एवढंच म्हणाले, "अगं, पोरगी पांढरीफटक पडल्या, तुला दिसलं न्हाय व्हय?" दिसलं होतं.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पेठ वडगावजवळचे, घरी म्हशी आणि दुधाचा धंदा. तपासणीच्या आदल्या दिवशी आशूला कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखल केलं. बॉवेल प्रिपरेशन करायचं होतं. म्हणजे आतडं धुऊन साफ करायचं, मळ राहिला तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. सिस्टरनी नीट समजावलं. दिवसभर शहाळ्याचं पाणी, साखरपाणी, गाळलेलं लिंबू सरबत. दूध नाही, अन्नाचा कण नाही. दुपारपासून औषधाची पावडर घातलेलं पाणी, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. संडास पाण्यासारखी स्वच्छ झाली की मला दाखवा, म्हणाल्या.

पहिले चार पेले आशू प्यायली. पाचवा ओकली. मग जुलाब सुरू झाले. भांड्यावरून उठवलं की पुन्हा बसायची वेळ. एकदा गादीवरच झालं. खोलीत दुसरा एक पेशंट आणि त्याचे पावणे होते. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आई, त्यास्नी भाईर जायला सांग की." मीच इकडंतिकडं बघत चादर गोळा करत होते. लेकीला जवळ घ्यायचं सोडून मला पावण्यांची लाज वाटत होती.

चार वाजता ती रडायला लागली. "मला लई भूक लागल्या गं." तिचे हात गार पडले होते. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या. माझ्या डब्यात दूध आणि भाकरी होती. दुधाच्या घरातलं लेकरू असं उपाशी! थोडक्यानं काय होतंय, असं म्हणून मी भाकरी दुधात कुस्करली आणि पदराआड धरून तिला भरवली. ती घाईघाईनं खात होती. "कुणाला सांगू नगंस," मी म्हणाले.

सकाळी संडास गढूळ आली, कणही दिसले. सिस्टर यायच्या आत मी पाणी ओतलं. "स्वच्छ झाली," म्हणून सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी कागदावर तसं लिहिलं.

भूल देऊन तिला आत नेलं आणि अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले. आत सगळा मळ होता. काही दिसलं नाही, थांबवावं लागलं. ते आमच्यासमोरच सिस्टरना बोलले, "न बघता लिहिलंत?" सिस्टरनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी पदर सारखा केला.

दुपारी आशू पुरती शुद्धीवर आल्यावर डॉक्टर तिच्या खाटेजवळ आले. "काल काही खाल्लं होतंस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. मी आईच्या नकळत खाल्लं."

"असं करायचं नसतं बाळा. आता सगळं पुन्हा करावं लागणार," ते जरा कडक आवाजात म्हणाले. तिचे वडीलही तिला बोलले. ती चादरीच्या टोकाशी चाळा करत ऐकून घेत राहिली. तोंड उघडायला मला एक क्षण पुरला असता. तो मी जाऊ दिला.

आठ दिवसांनी पुन्हा जायचं होतं. ते आठ दिवस आशू मला जास्तच चिकटून होती. तेच मला सोसेना. पुन्हा दाखल केल्यावर मी डॉक्टरांना आणि सिस्टरना एकत्र गाठलं. दिवाळीपासूनचं रक्त, दूधभाकरी, ओतलेलं पाणी, सगळं सांगितलं. तिचे वडील शेजारी उभे होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

डॉक्टर आशूकडं गेले. "मी तुला उगीच रागावलो. चूक तुझी नव्हती."

ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आईला रागवू नगासा," म्हणाली.

त्या दिवशी सगळे पेले तिनं माझ्या मांडीवर बसून संपवले. मीही दिवसभर पाण्यावर राहिले. दुसऱ्या दिवशी गाठ दिसली आणि तिथंच काढली. तपासायला पाठवलेला तुकडा साधा निघाला, कॅन्सरचा नव्हता. रक्त थांबलं. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी निघताना सिस्टरची माफी मागितली. त्या हसल्या नाहीत. "माफी ऱ्हाऊ दे. पुढच्या सोमवारी ह्याच तपासणीला अजून एक लेकरू येणार हाय. त्याच्या आईजवळ येऊन बसा."

मी गेले. नृसिंहवाडीकडची बाई होती. तिची पाच वर्षांची पोर भुकेनं रडत होती आणि ती डब्यावर हात ठेवून सारखी दाराकडं बघत होती. ती नजर मी ओळखली. तपासणीला आतडं साफ का लागतं ते तिला सांगितलं, आणि मग मी काय केलं होतं तेही सांगितलं. घर आणि डॉक्टर-सिस्टर सोडून दुसऱ्या कुणाला पहिल्यांदाच सांगत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तोंड फिरवील. पण तिनं एवढंच विचारलं, "आणि आता तुमची पोरगी?"

"शाळंत गेल्या," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि पुढचा पेला भरला.